दोन टप्पे

चेंडू थंड असला की उसळत नाही.
प्रत्येक नव्या पोराला हे सांगावं लागतं:
आधी भिंतीवर मारत राहा, दहा मिनिटं,
हाताला ऊब लागेपर्यंत.
माझा गुडघाही तसाच,
पण ते मी सांगत नाही.

बाहेर मकनसा.
अलेक्झांड्रियात हिवाळी वादळांना नावं असतात,
याचं नाव केरसुणी.
समुद्र कोर्निशवर चढलाय, ट्राम बंद,
आणि क्लबच्या छतातून तीन नंबरच्या कोर्टात
डाव्या कोपऱ्यात एकेक थेंब.
तिथे मी टॉवेल अंथरलाय,
डेन्मार्कमधल्या कुठल्याशा स्पर्धेचा,
दुसऱ्या फेरीत हरलो तेव्हा मिळालेला.

सोळा वर्षं खेळलो.
बॅगेत तीन रॅकेटी, फूलचे डबे,
सगळ्यात वरचा क्रमांक एकतीस.
लोक विचारतात, मी एकतीस सांगतो
आणि दर वेळी जिभेला
माशाचा काटा लागतो.

रॉचडेल. पाचवा गेम, दहा-दहा.
पुढच्या कोपऱ्यात मी झेपावलो,
रॅकेट चेंडूखाली गेली खरी,
पण त्याआधी दोन टप्पे पडले होते.
पंचाला दिसलं नाही.
त्या ऑस्ट्रियन पोराने माझ्याकडे पाहिलं,
भांडायला नाही,
पाणी मागावं तसं.
मी वळून तळहाताचा घाम भिंतीला पुसला.
पंजा उमटला, वाळला.
एकतीस तिथून आला.

आज लोजैन, वय अकरा,
तिच्याहून हातभर उंच करीमशी खेळतेय.
पंच मीच. नऊ-दहा.
ती झेपावते,
चेंडू पत्र्याच्या जेमतेम वर लागून मरतो.
"दहा-दहा," मी ओरडतो.
ती रॅकेट वर करते.
"कॅप्टन, दोन पडले."
"मला दिसलं नाही."
खरंच दिसलं नव्हतं.
"मला दिसलं ना," ती चिडून म्हणते,
जणू मी बिनडोक आहे,
आणि हरते.

मग बॅगेला लाथ, रडं,
बुटाच्या नाडीची गाठ सुटेना म्हणून आणखी रडं.
शाबास म्हणायला तोंड उघडलं,
पण कुठल्या तोंडाने?
म्हणालो, "टीवरून पाऊल उशिरा निघालं.
उद्या सहाला ये."
"ट्राम नसेल."
"मग चालत ये."

तिने नाक पुसलं
आणि चेंडू माझ्या हातावर आपटला.
टॉवेल पिळून निघालो.
राम्लपर्यंत वारा अंगावर घेत
खिशात मूठ आवळून धरली होती,
तरी तो गार झालाच.