दाब

कोयत्याला धार मीच लावली होती.
वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं फिटर,
धार म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये,
असं शनिवारी रात्री बायकोला म्हणालो
आणि पातं नखावर टेकवून दाखवलं.

रविवारी येऊरला, पाटोणपाड्याच्या वर,
घाणेरी तोडत होतो आम्ही सातजण.
घाणेरी आधी वाकते, मग नाही म्हणते.
कोयता सटकला.
डावी तर्जनी, मधल्या पेरावर.

आधी काहीच नाही.
एक पांढरी रेघ, खडूनं ओढल्यासारखी.
मग ती रेघ भरली,
आणि बँकेतले मोघे खाली बसले.

कुणी म्हणालं हळद, कुणी म्हणालं रेंज नाही.
मग सगळे बघू लागले चैती वरठाकडे,
जी सकाळपासून आमचे भारे ओढत होती.
आता ही झुडपात शिरेल,
दगडी पाला आणेल, तळहातावर चोळेल,
आणि कुणीतरी फोटो काढेल.

ती म्हणाली, "पानी कोनाकडं हाय?
पियाचं. ओढ्याचं नको."

अख्खी बाटली ओतली तिनं जखमेवर.
माती गेली, सालीचा चुरा गेला,
माझा सगळा रुबाब गेला.
"पाला?" मी तरीही विचारलंच.
"पाला खरचटल्याला. ही आत गेलीय."

पुष्कराजाची अंगठी, त्याच बोटात,
कंपनीला टाळं लागलं त्या वर्षी घातलेली.
ती तिनं पहिल्यांदा ओढून काढली.
"सुजलं का मग करवत लागते."
लुगड्याच्या पदराला गाठ मारली, अंगठी आत.
मग माझाच इस्त्रीचा रुमाल, चौघडी करून,
"दाब. आन् हात वर. काळजाच्या वर."

ऐनाच्या खोडाला हात टेकवून मी उभा,
वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा.
दर मिनिटाला वाटे, बघावं थांबलं का.
पाइप गळत असला की आम्ही बघतोच की.
"उघडू नको. उघडलं का पहिल्यापासनं."

वर कुठंतरी तांबट ठोकत होता,
टुक, टुक, टुक,
आणि बोटातली ठणक त्याच्या मागून,
कधी जुळे, कधी हुके.
मला आमचं प्रेसचं खातं आठवलं,
नारायण शिंगरेची दोन बोटं,
आणि पांढऱ्या पेटीत लाल फुलीखाली
एक कात्री, गेल्या साली संपलेलं मलम.
आम्ही कॉटन वेस्ट बांधलं होतं, तेलकट.
पाणी कुणीच विचारलं नव्हतं.

"तुला हे कुठं शिकवलं?"
"माझा दादला पाला बांधून आठ दिस बसला."
एवढंच.
मी पुढं विचारलं नाही,
तिनं भाऱ्याची दोरी आवळली.

वीस मिनिटांनी तिनं करवंदीचा काटा मोडला,
बोटाच्या टोकाला टोचला.
"लागतंय?"
"लागतंय."
"वाकव."
वाकलं, रडत रडत वाकलं.
"मंग हाय तुझं बोट. पन शिवून घे. आन् सुई टोचून घे."
रुमाल न काढता वरून दुसरा बांधला
आणि मला उताराला लावलं.

सिव्हिलमधला पोरगेला डॉक्टर
चार टाके घालताना म्हणाला,
"कडा अगदी स्वच्छ आहेत. हत्यार धारदार होतं."
खोटं कशाला बोलू,
त्या टेबलावरसुद्धा मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी गेलो, कोयत्याशिवाय.
चैतीनं पदराची गाठ सोडली.
अंगठी हातावर ठेवायच्या आधी
तिनं पट्टीतून बाहेर आलेलं टोक दाबून पाहिलं,
अजून फुगलेलं, भिजवलेल्या वालासारखं.

काही न बोलता
तिनं गाठ पुन्हा बांधली,
आणि मला दोरीचं एक टोक दिलं,
उजव्या हातात.