आधी वेळ, मग पाय

चोडणच्या मानशीवर एक पेटी बसवली आहे.
भरतीची उंची मोजायची, आणि प्रत्येक आकड्याच्या गळ्यात
त्याचा क्षण बांधायचा, एवढंच तिचं काम.
पेटीतला ड्रायव्हर माझा.

क्षण वरून येतो.
खांबावरच्या अँटेनातून एका बारीक तारेवर
दर सेकंदाला एक ठोका.
ठोका बोलत नाही.
कितवा सेकंद, कुठली तारीख, काही नाही;
तार खालून वर जाते: आत्ता.
त्याचं नाव मागाहून येतं, दुसऱ्या तारेवरून,
अक्षर अक्षर, रमतगमत, अर्ध्या सेकंदाने,
बारशाला उशिरा पोचलेल्या आत्येसारखं.

या दोघांची गाठ घालायची.

पहिला मसुदा पणजीत लिहिला, पंख्याखाली.
ठोका आला की इंटरप्ट. इंटरप्ट आला की
लॉक घे, मोजणी वाढव, वाट बघत झोपलेल्याला उठव,
आणि मग घड्याळ बघ.
दिसायला नीटनेटका.
सेकंद मात्र कधी चार मायक्रोसेकंद सरकलेला,
कधी चाळीस,
डिस्कवर काही उतरत असलं तर विचारूच नका.

तोलेंतिनची वही त्याच आठवड्यात हाती आली.
एकोणतीस वर्षं तो ही मानस राखतो.
भरती लागली की दार आपोआप मिटतं,
खारं पाणी खाजनात शिरत नाही,
आणि तो वेळ लिहून ठेवतो.
४.१०. ४.५५. ५.४५.
सगळे आकडे पाचाच्या पाढ्यातले.

विचारलं, तर म्हणाला,
दार मिटतं तेव्हा मी इथेच असतो, बाय.
मग बांधावरून घरी जातो. पाय धुतो.
आंजेलिका काहीबाही सांगते.
मग वही.

बांधाची आठ मिनिटं वजा करता येतील,
तो लंगडतो, पण रोज तेवढाच लंगडतो.
पाय धुण्याची दोन.
आंजेलिकाचं बोलणं कसं वजा करणार?

परतताना फेरीबोटीत, मांडीवर लॅपटॉप,
एक ओळ वर नेली.
लॉकच्या वर, मोजणीच्या वर, सगळ्याच्या वर:
आधी घड्याळ. चिखलाच्या पायांनी, उंबऱ्यावरच.
बाकी घरात गेल्यावर.

कड कुठली धरायची, तेही त्यालाच विचारलं.
मिटताना दार आपटतं, तो म्हणाला,
उघडताना कुणाला कळत नाही.
आमच्या रिसीव्हरचंही तसंच,
चढती कड खरी, उतरती नुसती तार मोकळी करते.
तरी दोन्हींना जागा ठेवली आहे.
उद्या कुणाची तार उलटी जोडलेली असेल,
त्याने माझा ड्रायव्हर फोडून बघायला नको.

शेवटी पेटीच्या झाकणावर ऑसिलोस्कोप मांडला.
ड्रायव्हरने प्रत्येक ठोक्याला ओ द्यायची, दुसऱ्या पिनवर.
पडद्यावर दोन रेघा: हाक, आणि ओ.
तोलेंतिन वाकून बघत राहिला.
हे मधलं काय?
पोचायला लागलेला वेळ.
म्हणजे बांध.
हो, बांधच.

आता मानशीच्या चौकटीला सुतळीने पेन्सिल बांधली आहे.
आकडे लाकडावरच पडतात: ४.०७, ४.५३, ५.४१.
आंजेलिका मला म्हणाली, काय केलंस ग,
वहीचं निमित्त गेलं,
आता हा माणूस घरी येऊन
सगळं ऐकून घेतो.

माझ्याकडे तीन मायक्रोसेकंद उरलेत.
कधी अडीच, कधी साडेतीन,
कुठल्या गल्लीत रेंगाळतात, सापडत नाही.
त्या ओळीशेजारी कॉमेंटमध्ये
एकच शब्द लिहून ठेवला आहे.
पुढच्याला कळेल की नाही, ठाऊक नाही:
बांध.