उघड्या पापण्या

ऑक्टोबरच्या शेवटी शेडमधला दिवा
पाच वाजताच लावावा लागतो.
हिल्का पाठीवर पडून गाडीखाली सरकते,
अडुसष्ट वर्षांची, पोस्टातला जुना निळा कोट घालून,
आणि खालून फक्त हात बाहेर येतो:
ब्रश दे. तो नाही. तारेचा.

गाडी एक्क्याऐंशी सालची. पोर्शे, नऊशे चोवीस.
लाल म्हणायची, इतकंच. बॉनेट विटून विटकरी झालंय,
दारं अजून शाबूत.

असली गाडी एप्रिलपर्यंत चादरीखाली ठेवावी,
असं सगळा गाव म्हणतो.
एन्सिओ ठेवतो त्याची, चार ठोकळ्यांवर,
आणि रोज संध्याकाळी जाऊन बघून येतो,
दवाखान्यात कुणाला बघून यावं तसा.
आज तो इकडे आला, दारात उभा राहिला, म्हणाला,
मीठ खाईल हिला. वेळेत विकून टाक.
बराच वेळ खालून नुसती तार खरवडत राहिली.
मग: अर्धी साइमीची आहे.
एन्सिओ गेला.

मग मेण. डबा गरम पाण्यात बसवून पातळ केलेलं,
चाकांच्या कमानींत, सांध्यांत,
नळीने दारांच्या पोकळीत,
इतकं की दुसऱ्या दिवशीही ते
तळच्या भोकांतून मधासारखं ठिबकत होतं,
खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर
कुण्या मंत्र्याच्या कपाळावर.

कूलंटची नळी तिने उजेडात धरली.
उणे बत्तीस. तोंड वाकडं केलं.
थोडं काढलं, थोडं ओतलं, पुन्हा धरली.
उणे अडतीस.
हं.

रबरांना सिलिकॉन, कुलपात ग्रॅफाइटची फुंकर.
खिळ्यांचे टायर अरुंद, उन्हाळ्यातल्यापेक्षा अरुंद:
रुंद टायर बर्फावर तरंगतो, म्हणाली,
अरुंद टायर टाच रोवतो.
डिकीत वाळूची पोती ठेवू का विचारलं तर हसली.
गिअरबॉक्स मागे आहे हिचा.
बुडाने जड आहे, माझ्यासारखी.

राहिले दिवे. ते बॉनेटमध्ये मिटतात,
आणि उणे पंधराला पापण्या चिकटल्या
की सकाळी केटली घेऊन कितीही मनधरणी करा,
अर्ध्या तासात दुप्पट बर्फ.
म्हणून ती दिवे वर करते आणि मोटरचा फ्यूज काढून खिशात टाकते.
मार्चपर्यंत ती डोळे उघडे ठेवूनच झोपते.
ती म्हणजे गाडी. हिल्काचं मी विचारलं नाही.

दोघी बहिणी. बापाचं रान विकून आलेला पैसा,
त्यातून एक गाडी, दोन किल्ल्या.
भांडण कशावरून, ते गावात तीन तऱ्हांनी सांगतात.
साइमी बेटावर राहते.
उन्हाळ्यात फेरी असते. हिल्का फेरीने जात नाही,
फेरीने कुणीही जातं.

जानेवारीत समुद्र धरतो, फांद्या रोवून त्यावर रस्ता आखतात,
आणि ज्या दिवशी फाटक उघडतं त्याच दिवशी ती निघते.
मागच्या वर्षी मागच्या सीटवर मी होतो,
गुडघे हनुवटीला.
बेल्ट सोडलेले, काच चार बोटं खाली,
काटा तिसावर,
कारण जोरात गेलं की बर्फाखाली लाट उठते
आणि तुमच्याआधी किनाऱ्याला पोचते.

फाटकाशी एकदाच हॉर्न.
साइमी आली, हातात तिची किल्ली.
हिल्का उतरून बर्फात उभी राहिली.
साइमीने गाडी चर्चपर्यंत नेली, वळवली, आणली,
मी मागेच होतो, माझ्याकडे बघितलंही नाही.
इंजिन बंद केलं. थोडा वेळ हात चाकावरच.
मग काच आणखी खाली करून म्हणाली,
पुढचा डावा टायर जरा मऊ आहे.
बघते, हिल्का म्हणाली.
परतताना ती गुणगुणत होती.

आता ती गाडीखालून बाहेर आली, केसांत मेण,
सगळे टायर गेज लावून तपासले,
पुढच्या डाव्याला अंगठ्याने दाबलं.
मी पंप पुढे केला.
राहू दे, म्हणाली. तेवढा राहू दे.