नाव काढणं

लॉरेल ओढ्याच्या या काठाला आमचं चर्च,
त्या काठाला त्यांचं.
मधे लाकडी साकव, आणि एकच वाद,
केंटकीच्या या खोऱ्यात कोळशाहून जुना:
वाचलेला माणूस पुन्हा बुडू शकतो का.
ते म्हणतात, नाही. एकदा तारण झालं की झालं.
आम्ही म्हणतो, पायाखाली बघून चाला.
मयताच्या जेवणाला मात्र बटाट्याचं सॅलड दोन्हीकडून येतं
आणि कुठलं कुणाचं, चवीवरून कळत नाही.

मी वर्डी. चौतीस वर्षं मंडळीची नोंदवही माझ्याकडे.
बाप्तिस्मे, लग्नं, मरणं,
आणि अधूनमधून रेघ मारलेलं एखादं नाव.
पट्टी लावून मारते.
वाकडी रेघ रागातली वाटते.

डेल्मर माझा धाकटा भाऊ.
मार्चमध्ये बाप्तिस्मा, काठाला अजून बर्फ.
पाळक हॉबर्टनी मागे झुकवला, पाणी तोंडावरून गेलं,
वर आला तो निळा पडलेला, दात वाजताहेत, आणि हसतोय.
तसं हसताना मी त्याला नंतर पाहिलं नाही.
ते हसू खोटं होतं असं मला कुणी सांगू नये.
वडील म्हणाले, पोरगं नाव काढणार.

मग खाण. मग पाठ. मग पाठीसाठी गोळ्या.
मग गोळ्यांसाठी आईचं शिवणयंत्र.
एका रविवारी प्रार्थनेच्या मधेच उठला,
म्हणाला, माझ्यापाशी काही उरलं नाही,
मी नुसते ओठ हलवतोय.
आणि दार हळूच लावून गेला.
आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बैठक बसली. डीकन एल्झी म्हणाला,
वर्डी, त्याचं नाव काढ.
वडिलांचेच शब्द.
मी पेन उचललं, ठेवलं, पेन्सिल घेतली.
रेघ इतकी फिकी
की वही दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय दिसू नये.

एकदा साकव ओलांडून गेले, त्यांच्या मोझेलकडे.
शेंगा सोलत ती म्हणाली, काळजी सोड,
तो वाचलेलाच आहे.
दोन-चार शेंगांनंतर म्हणाली,
नाहीतर मग मुळात कधी वाचलाच नव्हता.
म्हणजे तुमच्या हिशेबात बसावं
म्हणून मी ते मार्चमधलं हसू बुडवायचं?
शेंगांची टोपली अर्धी सोडून परत आले.
इकडे तरी काय. इकडे एल्झी.

फेब्रुवारीत गेला. रस्त्याकडेच्या मोटेलात, बूट घालूनच.
शेरीफने पाकीट दिलं: चार डॉलर, एक किल्ली,
आणि खाणीतला पितळी बिल्ला, दोनशे सतरा.

प्रत्येकाचे दोन बिल्ले असायचे.
एक कमरेला, एक वर फळ्यावर.
पाळी संपवून वर आलास की फळ्यावरचा काढायचा.
ज्याचा लटकत राहिला, तो सुखरूप आहे
असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.
अर्थ एवढाच, की तो अजून खाली आहे
आणि कुणीतरी दिवा घेऊन निघायला हवं.
एल्झीचा बाप तसाच सापडला, तिसऱ्या दिवशी.
जिवंत नव्हता. पण फळ्यावर नाव होतं
म्हणून खणत राहिले.

मरणाची नोंद करायला वही उघडली.
आधी रबराने ती रेघ खोडली.
रेघ गेली, कागदात खळगी राहिली, बोटाला लागते.
तारीख लिहिली. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला.
तिथे काय लिहायचं ते मला माहीत नाही,
आणि ज्याला माहीत आहे तो ओढ्याच्या
कुठल्या काठाला बसतो, तेही नाही.

एल्झी सही करायला आला.
चष्मा पुसला. डेल्मरच्या नावावरून अंगठा फिरवला,
खळगीपाशी थांबला, बराच वेळ.
मला वाटलं, आता बोलेल.
म्हणाला, त्याचा बिल्ला कुठे ठेवलास?

त्याच पानात, म्हटलं.

वही आता नीट मिटत नाही.