उणे अठ्ठावीस

अंबडच्या एमआयडीसीत मटार गोठवतात, तिथे माझी रात्रपाळी.
दर तासाला वहीत आकडा लिहायचा :
उणे अठ्ठावीस. उणे अठ्ठावीस.

मे महिना, रात्री दहालाही डांबर कोमट,
तेव्हा केतकी गायधनी आली.
दिवसा ती गंगापूर धरणाच्या भेगाळ गाळातून
कमरेला दोर बांधून ट्रकचे दोन टायर ओढायची.
पोरं मागे मागे, "ताई, गाडी कुठंय?"

शेठ म्हणाले, "घुगे, हिला आत सोड. दार आतून उघडतं ना, ते बघ."
गोण्यांच्या रांगांमधून चाळीस पावलं जायची, चाळीस यायची.
काचेतून मला तिच्या पापण्या पांढऱ्या होताना दिसायच्या.

सात जण उत्तरेच्या बर्फावर चालत जाणार होते,
तेल काढू नका, जहाजं घालू नका,
एवढं सांगायला.
मी हसलो. "ताई, बर्फ मी रोज बनवतो, टनावारी.
पण थंडी काही बनत नसते.
आतली ऊब उपसायची न् बाहेर फेकायची, बस.
मागे चला, दाखवतो."

मागे कंडेन्सर. त्याच्या तोंडाशी कडुनिंब,
एका अंगानं हिरवा, एका अंगानं भाजलेला.
तिनं त्या झोतात हात धरला.
बराच वेळ.
फोटो काढला नाही.

मार्चमध्ये निघाली. सह्यांच्या कापडावर मी लिहिलं :
घुगे, तिसरी पाळी.

एप्रिलात फोनवर आवाज आला, "मामा, ऐका हं,"
आणि पुढे नुसतं तडतडणं, मग एक लांब कण्हल्यासारखं.
हा आवाज मला पाठ आहे.
कॉइलमध्ये गरम गॅस सोडला की
बर्फ पाइपाचा हात सोडतो, तेव्हाचा.
"डिफ्रॉस्ट," मी एकटाच मोठ्यानं बोललो.

पुढे काळं पाणी लागलं. तीन दिवस थांबले.
मिटेल वाटलं, ते रुंदावत गेलं.
पेपरात चौथ्या पानावर : मोहीम अर्धवट.
फोटोत कापड होतं, माझं नाव घडीत गेलेलं.

जूनमध्ये आली, पायाचं एक नख नाही.
आत नको म्हणाली. निंबाखाली बसली, हिरव्या बाजूला.
"ही पानं परत येतील?"
"तोंड वळवलं तर."
"मग वळवा ना."
"वळवून कुठं? तिकडं मजुरांच्या खोल्या आहेत."

ती गप्प. मीही.
मटारचा ट्रक मागे घेताना पिपाणी वाजवत राहिला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या रात्री
आकड्याखाली मी एक ओळ जास्त लिहिली :
बाहेर किती आहे, तेही लिहायला हवे.
शेठनी सही केली, वाचली नाही बहुतेक.

तीन वाजले.
उणे अठ्ठावीस.
बाहेर : एकतीस.