दुसरा हात

मुरारच्या सरकारी शाळेत, ऐन मे महिन्यात,
पाच दिवसांचं प्रशिक्षण. माध्यमिक शिक्षक, सर्व विषय.
हजेरीच्या कागदावर मी पस्तिसावी:
विभावरी धवले, गणित.
'ढवळे' असं सांगणं मी
सर्व्हिस बुक भरलं त्याच वर्षी सोडलं.

कूलरमधलं पाणी अकरालाच संपतं.
सिकरवार सर मागच्या बाकावर
पोरांसारखेच किल्लीने फळीवर रेघा ओढत बसलेत.
भोपाळहून आलेल्या अफशां मॅडम
माझ्या मुलीच्या वयाच्या, घसा बसलेला,
तरी हसून म्हणतात,
आज आपण सगळे वर्गातला सर्वांत मागे पडलेला मुलगा.
पेन दुसऱ्या हातात घ्या.
मी शब्द सांगते. थांबणार नाही.

कमल. फल. नल. काला. बादल.

हॉलभर हशा, मग हशा विरत जातो.
भूगोलाच्या बाई जीभ दातांत धरून
अजून क चं पोट भरतायत.
"मॅडम, धीरे, धीरे!" ओरडतात सिकरवार सर,
ज्यांच्या तासाला फळा
दर सात मिनिटांनी पुसला जातो.

आणि माझा हात लिहितो.
मी काहीच करत नाही.
तो वहीवर कोपर टेकतो, मनगट वळवतो
(माझं मनगट असं वळतं हे मला ठाऊक नव्हतं)
आणि लिहितो:
कमळ. फळ. नळ. काळा.
'बादल'पाशी थांबतो.
त्याला हिंदी येत नाही.

अक्षर मोठं, गोल,
सहा वर्षांच्या मुलीचं.
जनकगंजातल्या खोलीत, स्टोव्हच्या उजेडात
बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेलं,
शाळेत नाव घालायच्या आधीचं.
मग शाळा. मग बहेनजी.
उलटा हाथ, उलटा हाथ,
आणि माझ्याच वेणीची लाल रिबीन
मनगटाभोवती, बाकाच्या गजाला,
पार दिवाळीपर्यंत.
पुढचं सगळं उजव्याने:
बोर्डाचे पेपर, बी.एड.,
लग्नाच्या नोंदवहीतली सही,
फळ्यावरची किती तरी वर्तुळं.
याला कुणी वरच्या वर्गात घातलंच नाही.
तो तिथेच बसून होता, पहिलीच्याही अलीकडे,
मुठीत ळ धरून.

अफशां मॅडम टेबलाशी येऊन वाकतात.
"आपने सीधे हाथ से लिखा? चीटिंग नहीं, हाँ!"
मग लाल पेनाने चार गोल.
"ये ल ऐसा क्यों है?"
सांगता आलं असतं.
मी म्हणाले, आदत है.

मग चर्चा. तक्ता. मार्करचा उग्र वास.
या अनुभवातून आपण काय शिकलो, यावर पाच जण बोलले,
त्यातले तिघे खूप वेळ.
माझी पाळी आली तेव्हा मी आठवू लागले,
कुणाकुणाला म्हणाले असेन, हात बदल.
एकही चेहरा येईना.
इतक्या वर्षांत एकही नाही.
आणि न म्हणाल्याचंही काही आठवेना.
मी खाली बसले.

शेवटच्या दिवशी समोसा आणि प्रमाणपत्र.
विभावरी धवले.
फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, टेम्पोची वाट बघत
मी पेन डावीकडे दिलं.
ल ला खाली एक वेटोळं, एवढंच काम.
पण कागद लॅमिनेट केलेला.
शाई धरेना. निळे ठिपके घरंगळत
'धवले'च्या अंगावरून गेले,
काही हाताला लागले.

घरी कणीक भिजवताना दिसलं,
करंगळीखाली, तळव्याच्या कडेला
तो डाग, आपलंच लिहिलेलं
पुसत पुढे जाणाऱ्या हाताला पडतो तसा.
तो हात मी परातीबाहेर ठेवला.
एका हाताने कणीक मळायला वेळ लागतो.
लागू दिला.