असेल, नसेल

इल्वा नऊ वर्षांची आहे.
तिच्या बोटांवरची कातडी फाटली,
ती थंडीनं, असं मी शाळेत सांगितलं.
बाईंनी मान डोलावली. ओलेसुंदमध्ये
थंडीच्या नावावर काहीही खपतं.

खरं म्हणजे साबण. आठवड्याला दोन वड्या.
आणि दर धुण्यानंतर, ओले हात पुढे करून:
आई, आता स्वच्छ आहेत?
आहेत.
नक्की?
नक्की.
शपथ?
मी घेतलेल्या सगळ्या शपथा खऱ्या होत्या.
एकही पाच मिनिटांपलीकडे टिकली नाही.

माझे वडील हाल्वार्ड, एकेचाळीस वर्षं फेरीबोटीवर.
गाड्या चढल्या की पुढचं लोखंडी दार लावायचं.
लावायचे. बघायचे. खिटी चाचपायचे.
जिना चढून जायचे, अर्ध्यातून परत यायचे,
पुन्हा खिटी.
निवृत्त होताना कंपनीनं घड्याळ दिलं,
मागे कोरलेलं : दक्षतेबद्दल.
बोट सुटली, दार सुटलं नाही.
आता शेगडीची चार बटणं, नळ, गाडीचा ब्रेक,
रात्री अडीचला पायजम्यावर, बर्फातून, गॅरेजपर्यंत.
शेजारी म्हणतात, वय झालं.
इल्वाला म्हणतात हट्टी.
एकच पाहुणा, प्रत्येक घरी वेगळं नाव सांगून
जेवायला बसलेला.

राग्नहिल्डचा दवाखाना चपलांच्या दुकानावर.
तिच्या टेबलावर मातीनं भरलेली बरणी होती.
मला वाटलं, शोभेला.
तिनं इल्वाला त्यात हात घालायला सांगितलं
आणि मग काहीच करायला सांगितलं नाही.
तेच औषध होतं : काहीच न करणं,
भीती चढते तशी चढू देणं,
आणि ती आपली आपण उतरेपर्यंत
मातकट हात मांडीवर ठेवून बसणं.
इल्वानं त्या भीतीला नाव ठेवलं, हेरिंग.
का, तर वास जात नाही.

मग राग्नहिल्ड माझ्याकडे वळली.
उत्तर द्यायचं नाही, म्हणाली.
विचारलं तर म्हणा, असेल, नसेल.

त्या रात्री न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर
मी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले.
तू वाईट आई आहेस, आतून आवाज आला.
असेन, नसेन, मी म्हणाले.
इतकी खोल भीती मला तेव्हा वाटली
की दहा वर्षांपूर्वीची वाटावी.

ते कुणाला सांगितलं नव्हतं.
इल्वा सहा आठवड्यांची होती. भाजी चिरताना
एक विचार आला, आणि मी घरातल्या सगळ्या सुऱ्या
शेजारच्या बेरितला देऊन टाकल्या,
धार लावायला म्हणून.
वर्षभर पाव हातानं तोडला.
राग्नहिल्डला हे सांगितलं तेव्हा
ती दचकली नाही. तिनं फक्त कागद पुढे ओढला
आणि माझं नाव लिहिलं.

एका रविवारी माशाचं कालवण निवत होतं,
वडील तिसऱ्यांदा शेगडीकडे उठले.
इल्वा, नखांत माती, म्हणाली :
आजोबा, तुमच्याकडेपण हेरिंग आहे.
चमच्यांचा आवाजसुद्धा थांबला.
शहात्तराव्या वर्षी? त्यांनी नंतर फोनवर विचारलं.
सोमवारी नऊ वाजता, राग्नहिल्ड म्हणाली.

छातीचं बघून लहान गोळी सुरू झाली. सावकाश.
मार्चमध्ये इल्वा एकदा पुन्हा तासभर नळाखाली होती.
घड्याळ अजून भिंतीवर आहे, कुणी काढायचं ठरत नाही.

काल ते दोघं घराला एकदाच कुलूप लावून
धक्क्यावर गेले. मी मागे, थोडी लांब.
फेरी निघाली. दार कुणा पोरानं लावलं,
मागे वळूनही न बघता.
वडिलांचा हात कोटाच्या खिशात
एक खिटी चाचपत होता.
नीट लागलं असेल का, आजोबा?
असेल, ते म्हणाले.
बोट वळली, लहान झाली,
पाण्यावरची तिची रेघ मिटत आली.
इल्वा वाट बघत उभी होती
दुसऱ्या शब्दाची.